ताट झाकून ठेव

प्रिय,

अग्निशमन केंद्रात जेवण वाढायला जाणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव पाहिलं आणि मनापासून बरं वाटलं. कंपनीने विचारलं की हात वर करणारे पुष्कळ असतात, रात्रपाळीच्या रकान्यात नाव लिहिणारे मोजकेच. तू तिथे लिहिलंस, म्हणून हे पत्र. बरीच वर्षं मी हे काम करतेय आणि त्यातलं बरंचसं चुकत चुकतच शिकलेय.

पहिली चूक आधी सांगते, कारण ती अजून टोचते. एका मोठ्या आगीनंतर एक जवान आमच्या टेबलापाशी येऊन बसला. हेल्मेट बाजूला ठेवलेलं, केस घामाने कपाळाला चिकटलेले. पाण्याचा कागदी पेला त्याने उचलला तेव्हा त्यावर चार बोटांचे काळे ठसे उमटले. मी समोर बसले आणि विचारलं, "आत कोणी अडकलं होतं का?" त्याने चमचा खाली ठेवला, "हो" एवढंच म्हणाला आणि उठून गाडीकडे गेला. ताटातले दोन घासही कमी झाले नव्हते. मला काळजी होती म्हणूनच मी विचारलं होतं, पण त्यापायी त्याचं जेवण गेलं. तेव्हापासून मी तीनच प्रश्न विचारते: गरम वाढू का, पाणी हवंय का, बांधून देऊ का. कोणी आपणहून बोलायला लागलं तर हातातलं काम टाकून ऐक. कोणी बोललं नाही तर त्यांना तसंच शांत बसू दे. आभाराची भाषणंही नकोत. दमलेल्या माणसाला त्यावर काहीतरी बोलावं लागतं, आणि तेवढंही त्राण कधी कधी उरलेलं नसतं.

ते काळे ठसे मात्र विसरू नकोस. ती काजळी नुसती घाण नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमन जवानांच्या कामालाच, म्हणजे त्या कामात अंगावर येणाऱ्या सगळ्या गोष्टींना, कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. काजळीतले घटक कातडीतून शरीरात जातात, हातावरून तोंडातही जातात. म्हणून जेवणाच्या आधी हात-तोंड धुवायची सोय मांड: साबण, भरपूर पाणी, पुसायला कागद. सॅनिटायझरवर भागवू नकोस; त्याने जंतू मरतात, काजळी निघत नाही. घटनास्थळी वाढायचं असेल तर प्रमुख अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. टेबल धूर येणार नाही अशा बाजूला लाव, गाड्यांच्या वाटेत तर मुळीच नको. आणि आधी पाणी दे. जड पोशाखात तासभर राबलेल्या माणसाला भुकेआधी तहान लागलेली असते.

अन्नाच्या बाबतीत मी कडक आहे, तूही राहा. गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवेत आणि शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त पडू देऊ नये. हे दोन तास डबे भरल्यापासून मोजायचे, टेबलावर मांडल्यापासून नव्हे. गोंधळ होतो तो नेमका इथेच. बोटाला कापलं असेल तर पट्टी बांध, वर हातमोजा घाल, नाहीतर त्या दिवशी फक्त पाण्याकडे बघ. जखमेतले स्टॅफिलोकॉकस जंतू अन्नात विष तयार करतात आणि अन्न पुन्हा गरम केलं तरी ते विष टिकतं. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर त्या थांबल्यावर पूर्ण 48 तास घरीच राहायचं. एका वाढणाऱ्यामुळे अख्खी पाळी आजारी पडली तर त्या रात्री फोन आल्यावर जायचं कोणी?

फोनवरून आठवलं. नियंत्रण कक्षात बसून हे फोन घेणाऱ्यांना सगळे विसरतात. धूर त्यांच्या अंगावर येत नाही, पण किंकाळी सगळ्यात आधी त्यांच्या कानात शिरते, आणि त्यांना खुर्ची सोडून टेबलापर्यंत येता येत नाही. किती जण आहेत ते आधी विचारून घे आणि त्यांचे डबे सगळ्यात आधी पोहोचव. एका हाताने खाता येईल असं काहीतरी दे.

फोटोचं काय करायचं हे तुला लवकरच कोणीतरी विचारेल. कंपनीला फोटो हवे असतात, त्यात मला काही गैर वाटत नाही. मांडलेल्या टेबलाचे काढ, आपल्या सहकाऱ्यांचे काढ. जेवणाऱ्याच्या तोंडासमोर मात्र कॅमेरा धरायचा नाही, परवानगी मिळाली तरीही. समोर ताट वाढणारा माणूस मागतोय म्हटल्यावर नाही म्हणणं फार अवघड जातं.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात जवळचं. जेवण रंगात आलेलं असताना घंटा वाजेल. मिनिटाच्या आत खुर्च्या रिकाम्या होतील, टेबलावर अर्धी ताटं राहतील. पहिल्यांदा ते बघून पोटात खड्डा पडतो. नवीन माणूस घाईने आवराआवर करायला लागतो. तू तसं करू नकोस. उष्टं तेवढं काढ, पण ज्यांनी अजून हातही लावला नव्हता त्यांची ताटं झाकून गरम पेटीत ठेव आणि झाकणावर नाव लिही. त्यासाठी चिकटपट्टी आणि जाड पेन बरोबर असू दे. नावं वाढतानाच लक्षात ठेवायची, घंटा वाजल्यावर विचारायला कोणी नसतं. उशीर होणार असं दिसलं तर वेळेचा हिशेब बघून जुनं टाकून दे आणि ते परततील तेव्हा ताजं वाढ. आपली पाळी संपली तरी पुढच्याच्या हातात ती यादी देऊनच निघ.

पहाटे तीनला परतलेल्या एकाने झाकणावरचं आपलं नाव पाहिलं, उभ्यानेच ताट उघडलं आणि भिंतीला टेकून शेवटच्या घासापर्यंत जेवला. मी पलीकडे पेले धूत होते. आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

शनिवारी तासभर आधी ये. पेटी कशी भरायची ते दाखवते.

तुझी,
पलीकडच्या टेबलावरची ताई