तेहरानला कथक करता येईल का?

तू विचारलंयस, "ताई, होणारा नवरा इराणी आहे, पुण्यात शिकायला होता. लग्नानंतर तेहरानला जायचं ठरतंय. मी कथक शिकवते, तिथे चालू ठेवता येईल का?" मी 2016 ते 2023 तिथे राहिले, म्हणून सविस्तर लिहिते.

उघडपणे नाही. 1979 च्या क्रांतीनंतर बाईने पुरुषांसमोर नाचणं बंद झालं, एकटीने गाणंही. रंगमंचावर जे थोडंफार होतं त्याला नाच म्हणायचंच नाही, 'हरकाते मौजून' म्हणजे लयबद्ध हालचाली म्हणायचं. सरकारी टीव्हीवर वाद्यं दाखवत नाहीत. कानावर तार या इराणी तंतुवाद्याचे सूर पडतायत आणि पडद्यावर फुलं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात तुटलं होतं. जानेवारी 2023 मध्ये एका तरुण जोडप्याला दहा वर्षांहून जास्त शिक्षा सुनावली गेली. आझादी मनोऱ्यापाशी दोघं नाचले आणि तो व्हिडिओ त्यांनी टाकला, एवढ्यावरून.

पण घरात? इतकं नाचणारी माणसं मी कुठे पाहिली नाहीत. आत शिरल्या शिरल्या बायका रूसरी (डोक्याचा रुमाल) आणि मांतो (वरचा लांब कोट) पलंगावर टाकतात, कुणीतरी पडदे ओढतं, गाणं लागतं. आमच्या शेजारच्या खाला सत्तरीच्या. दोन्ही हातांची बोटं गुंतवून त्या अशी खणखणीत चुटकी वाजवायच्या की खोली दुमदुमायची. त्याला बेश्कन म्हणतात. माझी बोटं हातात धरून त्यांनी मला ती शिकवली. मध्येच बेल वाजली की आवाज बंद. सगळ्या गप्प, नजर दाराकडे. इंटरकॉमवर ओळखीचा आवाज आला की पुन्हा सुरू. त्या काही सेकंदांची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

घरी गुपचूप शिकवणाऱ्या बायका आहेत, मी त्यांना भेटलेय. पण पाटी नाही, जाहिरात नाही, कार्यक्रम नाही, मुलींचे व्हिडिओ तर अजिबात टाकायचे नाहीत. तुला नाचायला मिळेल, वर्ग चालवायला मिळेल असं धरून जाऊ नकोस.

आता तू न विचारलेलं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. इराणी पुरुषाशी लग्न केलं की तिथला कायदा तुला इराणी नागरिक धरतो. दुहेरी नागरिकत्व ते मानत नाहीत, म्हणजे अडचणीत आपला दूतावास फारसं काही करू शकत नाही. विवाहित बाईला तिथला पासपोर्ट काढायला नवऱ्याची लेखी परवानगी लागते. मुलगा कितीही चांगला असो, लग्नाच्या करारातच देशाबाहेर जाण्याचा आणि घटस्फोटाचा हक्क लिहून घे. तिकडच्या शिकलेल्या मुली हे मागून घेतात, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. सही करण्याआधी भारतातल्या वकिलाला तुझ्या भारतीय नागरिकत्वाचं काय होईल तेही विचार.

आपली कार्डं तिथे चालत नाहीत, रोख डॉलर किंवा युरो ने. घुंगरूही ने. फ्लॅट घेताना मात्र तळमजल्याचा बघ, तत्काराचा, म्हणजे पायांच्या ठेक्याचा आवाज खाली कुणाच्या डोक्यावर जायला नको.