कारमधला कंपनीचा स्टिरिओ अर्ध्या तासात कानाला टोचतो, डोकं जड होतं. स्पीकर बदलून घेऊ का?

स्पीकरला एवढ्यात हात लावू नका. ॲक्सेसरीच्या दुकानात गाडी नेली की बास (खालचे जाड सूर) आणि ट्रेबल (वरचे बारीक सूर) दोन्ही टोकाला चढवून देतात. पहिलं गाणं भारी वाटतं, चौथ्याला कपाळ ठणकतं. आवाज सुधारतो तो कमी करून, हे मी किती वर्षं सांगतोय, तरी मंडळी 'बास प्लस सहा' सोडत नाहीत.

त्यांनी एकदा हिशेब करून बघावा. हेड युनिटला, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओला, गाडीतून मिळतात जेमतेम 14 व्होल्ट. 4 ओहमच्या स्पीकरला त्यातून प्रत्येकी साधारण 20 वॉट स्वच्छ आवाज मिळतो. खोक्यावरचे 50 वॉट क्षणभराचे असतात. बास 3 डेसिबलने वाढवला की तिथे दुप्पट ताकद लागते, 6 ने चौपट. 5 वॉटवर निवांत वाजणारा ठोका 20 ला जाऊन टेकतो, आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि ती छाटणीच कानाला कर्कश लागते.

तेव्हा इक्वलायझर, म्हणजे बास-ट्रेबल कमी-जास्त करायची सेटिंग, शून्यावर आणा. लाउडनेस, सराउंड, बास बूस्ट बंद. फोनमधला इक्वलायझरही बंद. ब्लूटूथवर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा, कमी-जास्त गाडीच्या बटणाने करा. फोन हळू ठेवला तर गाडीचा आवाज चढवावा लागतो, मागे सूं सूं येते आणि मध्येच एफएम लावला की दचकायला होतं.

मग ओळखीच्या गायिकेचं, मागे फक्त तबला-पेटी असलेलं गाणं लावा. 'स' आणि 'श' शिट्टीसारखे टोचतात का? ट्रेबल एकेक पायरी उतरवा. टोचणं थांबलं आणि शब्द अजून स्पष्ट आहेत, तिथे थांबा. बहुतेक वेळा उणे 1 किंवा 2 पुरतं, कारण काचेवरून परतणारा ट्वीटरचा (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरचा) आवाज मुळातच तिखट असतो. डग्ग्याचा घुमारा ऐकू यायला हवा, दाराची थरथर नाही. थरथर आली तर आधी दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली आणि सुटी नाणी काढा.

चालक उजव्या स्पीकरजवळ बसतो, म्हणून बॅलन्स (डाव्या-उजव्या स्पीकरमधला तोल) एक-दोन पायऱ्या डावीकडे. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला तोल) पुढे. मागचे स्पीकर बंद केल्यावर उणीव भासावी, चालू असताना ते वेगळे ऐकू येऊ नयेत.

शेवटचा हात चालत्या गाडीत, शेजारी बसलेल्याने फिरवावा. ताशी 60-70 च्या वेगाला टायरचा आवाज बास गिळतो, तेव्हा बास प्लस 1 मलाही चालतो. वेगानुसार आवाज वाढवणारी सोय सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा.

एक राहिलं. आधीच्या कुणी स्पीकर बदललेले असतील तर फेडर पूर्ण पुढे करून बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग मध्ये आणा. मध्ये आणल्यावर बास कमी झाला तर एका स्पीकरच्या तारा उलट लागल्यात. त्या सरळ केल्याशिवाय कुठलंही सेटिंग लागणार नाही. कागदी कोन फाटला असेल तर मात्र स्पीकर बदलाच, पण वायर न कापता कपलर (तयार जोडणीचा प्लग) लावून. दारात डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारा थर) चिकटवणार असाल तर खालची पाण्याची भोकं मोकळी सोडायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात दारात पाणी साचून पत्रा गंजेल.