मॉड्यूल सापडत नाही? आधी पाथ बघ

पायथनमध्ये 'मॉड्यूल (इम्पोर्ट करायचा कोड) सापडलं नाही' असा एरर दिसला की लगेच पुन्हा इन्स्टॉल करत बसू नकोस. आधी 'पायथन -एम साइट' चालव. इंटरप्रिटर, म्हणजे पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम, मॉड्यूल कुठे कुठे शोधतो ते ओळीने दिसेल; हाच तो पाथ. स्क्रिप्ट चालवताना पहिला मान स्क्रिप्टच्या फोल्डरला, तू टर्मिनलमध्ये जिथे आहेस त्या फोल्डरला नव्हे. मी एकदा फाइलचं नाव 'रँडम.पीवाय' ठेवलं आणि अर्धा दिवस घालवला. पायथनच्या मूळ रँडम मॉड्यूलऐवजी माझीच फाइल इम्पोर्ट होत होती!

'पायथनपाथ' (शोधायच्या यादीत जादा फोल्डर घालणारं व्हेरिएबल) शेलच्या सेटिंगमध्ये कायमचा टाकू नकोस, तो व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येही (एका प्रोजेक्टसाठी वेगळं ठेवलेलं पायथन) घुसतो, आणि साइट-पॅकेजेसच्या (इन्स्टॉल केलेली पॅकेजेस राहतात तो फोल्डर) आधी. त्यापेक्षा त्या एन्व्हायर्नमेंटच्या साइट-पॅकेजेसमध्ये 'पीटीएच' एक्स्टेन्शनची फाइल ठेव: एका ओळीत एक फोल्डर, पूर्ण पाथसकट. फोल्डर अस्तित्वात नसेल तर ती ओळ गुपचूप वगळली जाते, एरर येत नाही. स्पेलिंग नीट तपास.