प्रायोगिक शोधप्रधान व्हिडिओ गेमला कला म्हणावे की करमणूक?

माझ्या मते असे गेम, म्हणजे जिंकण्या-हरण्यापेक्षा एखादी जागा धुंडाळत फिरण्यावर भर देणारे वेगळ्या धाटणीचे गेम, कला ठरतात, आणि ते करमणूक करतात म्हणून त्यांचे कलापण कमी होत नाही. आपल्याकडे मराठवाड्यात हे वेगळे पटवून द्यावे लागू नये: पैठणच्या नाथांचे विंचवाचे भारूड ऐकताना लोक मनमुराद हसतात, आणि त्याच हसण्यातून कामक्रोधाचा दंशही त्यांच्यापर्यंत पोहोचतो. २०१२ साली स्वतंत्रपणे विक्रीस आलेल्या ‘डिअर एस्थर’ या गेममध्ये शत्रू नाही, गुण नाहीत, सोडवायचे कोडे नाही. खेळणारा एका निर्जन बेटावर केवळ चालत राहतो, पत्रांचे तुकडे त्याच्या कानी पडतात, आणि हे तुकडे दर खेपेस काहीसे बदलत असल्यामुळे अर्थ जुळवण्याचे काम त्याच्यावरच येते. वाट, आवाज आणि शांतता यांची ही योजना विचारपूर्वक केलेली आहे, आणि मी तिलाच कला म्हणतो. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यांत १९९३ चा ‘मिस्ट’ हा शोधप्रधान गेमही आहे. मात्र ही निवड वास्तुकला व डिझाइन विभागासाठी होती, त्यामुळे संग्रहालयाने घेतले एवढ्यावरून वाद मिटला असे मानू नये. शिवाय संथ चालणारा प्रत्येक गेम कला नसतो. सुंदर डोंगर दाखवून खेळणाऱ्याला नुसते फिरवणारे गेमही पुष्कळ आहेत.