गेटवर रडतो म्हणून नर्सरी बंद करू का? माझ्या दोन मुलांचा अनुभव

तुम्ही लिहिलंय की मुलगा २ वर्षं ७ महिन्यांचा, नर्सरी सुरू होऊन तीन आठवडे झाले, रोज गेटवर पाय धरून रडतो, सासूबाई म्हणतात काढून टाक आणि नवरा म्हणतो होईल सवय. माझी दोन्ही मुलं यातून गेलीयेत आणि दोघांच्या वेळी उत्तर अगदी उलटं निघालं, म्हणून जरा लांबण लावते.

थोरली पावणेतीनची होती, आमच्या पुण्यातल्या गल्लीतलीच बालवाडी, घरापासून पाच मिनिटं. पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. ती खेळण्यांकडे वळली आणि मी हळूच सटकले, कारण गेटवरच्या सगळ्या अनुभवी बायका सांगत होत्या की बघत बसू नका, पळा. झालं, त्यानंतर आठ दिवस ती मला घरातसुद्धा सोडेना, मी आंघोळीला गेले की ही बाथरूमच्या दाराशी उभी. शेवटी बालवाडीच्या ताईंनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, पळून जाऊ नका हो, सांगून जा. एकदाच टाटा करायचं, मागे वळायचं नाही, आणि "बारा वाजता येते" म्हणून तिला काय कळणार, त्यापेक्षा "डबा झाला, गाणी झाली की आई" असं सांगायचं. माझा एक वापरलेला रुमाल तिच्या फ्रॉकच्या खिशात ठेवायला सांगितला, धुतलेला नको म्हणाल्या. तरी पूर्ण महिना रडली बरं का. पण मी समोरच्या रिक्षास्टँडच्या आडोशाला उभी राहून ऐकायचे, पाचेक मिनिटांत आवाज बंद व्हायचा. आणि घरी आली की बाहुल्या ओळीत मांडून ताईंच्याच सुरात "हाताची घडी, तोंडावर बोट!" हे बघितल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

धाकट्याच्या वेळी आम्ही शहाणे झालेलो, म्हणजे तसं वाटत होतं. मोठी शाळा, एसी वर्ग, मोबाईलवर कॅमेरा वगैरे. पठ्ठ्या एकदाही रडला नाही, सगळे म्हणाले किती गुणी बाळ. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत येतेय. घरात पाऊल टाकलं की चपलांसकट बाथरूमकडे पळायचा, आणि चार महिने कोरडी राहिलेली गादी परत ओली व्हायला लागली. एके रात्री सहज विचारलं, वर्गात शू आली तर टीचरना काय सांगतोस रे? म्हणाला, "काहीच नाही." वर्गात इंग्लिशमध्येच विचारायचं असा नियम, आणि याला माहिती फक्त "शू". म्हणून यानं स्वतःच तोडगा काढला, पाणीच प्यायचं नाही! शाळेत बोलले तर उत्तर मिळालं, घरी पण इंग्लिश बोला, शिकेल हळूहळू. त्याच आठवड्यात काढला. फी परत मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको.

माझ्या सासूबाई डहाणूकडच्या, अंगणवाडी सेविका म्हणून रिटायर झाल्या. त्यांच्या बोलण्यात अजून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ असतात, या दोघींनी १९४५ ला डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडी काढली आणि पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच पाड्यावर नेली, मुलांच्या अंगणात, त्यांच्या बोलीत, हे सगळं त्या काल घडल्यासारखं सांगतात. धाकट्याचं ऐकल्यावर म्हणाल्या, रडणाऱ्या पोराची काळजी नसते गं, गप्प बसलेलं पोर बघावं लागतं. मला तेव्हा राग आला होता, आधी का नाही बोललात म्हणून :)

तर तुमच्याबद्दल. गेटवरचं रडणं सोडा, बाकीचं बघा. ताईंना "रडतो का" असं विचारू नका, किती वेळ रडतो आणि मग काय करतो ते विचारा. दहा मिनिटांत खेळायला लागत असेल, डबा थोडा तरी संपत असेल, घरी येऊन काहीतरी गाणंबिणं गुणगुणत असेल तर अजून तीन-चार आठवडे नेटाने पाठवा. मध्ये सर्दीतापाने बुडेल (पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बुडतातच) आणि परत पहिल्या दिवसापासून रडं सुरू होईल, तेव्हा हातपाय गाळू नका. पण दीड-दोन तास रडतच असेल, खाणं-झोप बिघडली असेल, शी-शू धरून ठेवत असेल तर सरळ काढा.

अजून एक. नोव्हेंबरचा जन्म म्हणालात, म्हणजे ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण या नियमात तो बसतो, पण त्याच वर्गातली जानेवारीची मुलं त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठी आहेत, या वयात दहा महिने म्हणजे केवढा फरक! एक वर्ष थांबलात तरी पहिलीला जाताना तो साडेसहाच्या आसपासच असेल, काही बिघडत नाही. आम्ही धाकट्याला तसंच ठेवलं, पुढच्या जूनला त्याच गल्लीतल्या बालवाडीत घातला. तिथे दोन दिवस रडला, आणि पहिल्याच दिवशी बाटली रिकामी घेऊन आला.