आर्केड कॅबिनेटला एकच पॉवर बटण हवंय, एक्स्टेंशन बोर्डचाच स्विच बाहेर काढला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की आत रास्पबेरी पाय 4 (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता पाय) आहे, मॉनिटर, छोटा अ‍ॅम्प आणि वरच्या पाटीमागची एलईडी पट्टी, सगळं एकाच बोर्डवर. तर नाही, अजिबात नाही चालत. कोणी सांगितलं तुम्हाला हे? आमच्या भाऊजींनी तर नाही ना?

माझं कॅबिनेट मी घरीच प्लाय कापून बनवलं. लहानपणी मोहल्ल्यातल्या पार्लरमध्ये रुपयाची नाणी घालून मुस्तफावाला गेम खेळलोय, तेच सगळं पोरीला दाखवायचं होतं. भाऊजी आले, बघितलं, म्हणाले मस्त आहे पण हे माऊस धरून शटडाउन करणं काय आहे बे, कूलर कसा बंद करतो आपण? खट्! आणि माझ्या डोळ्यांदेखत कूलरचा एक मोठा स्विच बाजूच्या फळीत बसवून दिला. मी म्हटलं, भाऊजी हा कॉम्प्युटर आहे, कूलर नाही. पण जावयाशी किती वाद घालता, ताईपण तिथेच उभी.

दोन महिने चाललं, आणि त्या दोन महिन्यांत मी तीनदा ऐकलं की बघ, तू उगाच घाबरून राहिला होता. मग मे महिन्यात पोरीचा वाढदिवस, पंधरा पोरं, बाहेर पंचेचाळीस डिग्री, सगळे कॅबिनेटसमोर रांगेत, मी खट् केलं आणि स्क्रीनवर काळ्यावर पांढऱ्या ओळी भराभर येऊन शेवटी कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टीम सुरूच होईना. चालू असताना खट्कन वीज तोडून तोडून मेमरी कार्डावरची फाइल सिस्टीम गेली, पोरीचे सगळे हायस्कोरही गेले. तिने तो स्कोर फ्रिजवर लिहून ठेवला होता म्हणून निदान पुरावा होता. भाऊजींचं निदान काय? "कार्ड डुप्लिकेट आहे, बर्डीवरून घेतलं ना?"

होय, बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी मार्केटमधून घेतलं. तेच 32 जीबीचं कार्ड मी फॉरमॅट केलं, नव्याने सगळं टाकलं, त्यावर मार्करने ठिपका केला आणि कूलरचा स्विच काढून नीट बटण लावलं.

नीट म्हणजे काय तर, दाबून सोडलं की वर येणारं बटण घ्यायचं, दाराच्या बेलचं असतं तसं. त्याच्या दोन वायरी पायच्या पाच आणि सहा नंबरच्या पिनला, म्हणजे जीपीआयओ 3 (बाहेरचं काही जोडायची पिन) आणि ग्राउंड. कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउनचा ओव्हरले, म्हणजे या बटणासाठीची तयार सेटिंगची ओळ टाकायची, बस. चालू असताना दाबलं की नीट शटडाउन होतं, आणि बंद असताना तीच पिन ग्राउंडला टेकली की पाय उठतो. रिझिस्टरही लागत नाही, त्या पिनला बोर्डवरच पुलअप (पिन हाय धरून ठेवणारा रिझिस्टर) आहे. पाय 5 असता तर बोर्डवरच बटण मिळालं असतं. एक सांगतो, बटण कंट्रोल पॅनलवर लावू नका, मी स्टार्टच्या शेजारी लावलं होतं आणि भाचा हरायला आला की बरोबर तेच दाबायचा. आता कॉइनच्या दाराच्या आत आहे.

राहिला मॉनिटर, तो सिग्नल गेला की स्वतःच झोपतो, त्याला हात लावू नका. अ‍ॅम्प आणि पट्टीसाठी रिले (छोट्या सिग्नलवर चालणारा स्विच) लावा, आणि तो पायच्या सिरियल टीएक्स, म्हणजे डेटा पाठवायच्या पिनवरून चालवा, म्हणजे जीपीआयओ 14. कॉन्फिगमध्ये युआर्ट (सिरियल पोर्ट) चालू केलं की ती पिन पाय चालू असेपर्यंत हाय (3.3 व्होल्टवर) राहते आणि शटडाउन झालं की लो होते. फक्त त्या पिनवरून सिरियल कन्सोल (सिस्टीमचे मेसेज आणि लॉगिन) काढून टाका. पिनला थेट रिलेची कॉइल नका जोडू, मध्ये ट्रान्झिस्टर हवा, नाहीतर 3.3 व्होल्टवर ट्रिगर होणारं तयार मॉड्यूल घ्या. यूएसबीच्या 5 व्होल्टवर रिले टाकायचा विचार असेल तर सोडा, पाय 4 बंद झाला तरी तिथे करंट येऊनच राहतो.

हां, आणि हे आधी सांगायला पाहिजे होतं, बटणाने लाइट गेल्याचा प्रॉब्लेम सुटत नाही. लाइट गेली की कार्डाचं तेच होऊ शकतं जे स्विचने होतं, त्यासाठी छोटा यूपीएस लावा. शिवाय लाइट परत आली की पाय स्वतःहून सुरू होतो. आमच्याकडे एकदा रात्री तीनला हॉलमधून गेमचं म्युझिक वाजायला लागलं, आई उठून देवघरात गेली. रिलेवर 230 व्होल्ट घेत असाल आणि हात सरावलेला नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, भाऊजींना नका बोलवू.

त्या ठिपक्याच्या कार्डाला आता दोन वर्षं झाली, एकदाही पॅनिक नाही. भाऊजी दिवाळीला आले की बाहेर काढून दाखवणार आहे.