घाबरट कुत्रीला रोज गर्दीतून फिरवले तर तिची भीती मोडते का?

आपली दोन वर्षांची गावठी कुत्री घरात आणि सोसायटीच्या आवारात मोकळी वागते, पण बाजारात किंवा स्टेशनाजवळ नेली की शेपूट पोटाशी घेऊन थरथरते, असे आपण लिहिले आहे. रोज अर्धा तास गर्दीतून फिरवली की तिची भीड आपोआप चेपेल, हे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे का आणि सवय व्हायला किती दिवस लागतात, असा आपला प्रश्न आहे. पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. हेच म्हणणे आमच्या घरी आमच्या मेहुण्यांनी नुसते मांडले नाही, तर आमच्या अपरोक्ष अमलातही आणले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माणसे, वाहने आणि आवाज यांची ओळख पिलाला सहज पटते ते वय साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे असते. आमची कुत्री ठकी, तिचे ते दिवस ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका बंद कारखान्याच्या आवारात गेले होते, जिथे रखवालदाराखेरीज कोणी फिरकत नसे. तिथून ती आली ती थेट नौपाड्यात, जिथे फाटकाबाहेर पाऊल टाकले की रिक्षा, बसचे करकचून लागणारे ब्रेक आणि गोखले रोडची खरेदी अंगावर येते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. त्यामुळे आपल्याला सवयीचा झालेला रस्ता तिला कसा वाटत असेल, याचा अंदाज आपण आपल्या कानांवरून करू नये.

आमचे मेहुणे साताऱ्याचे. त्यांच्या वाड्यात पिढ्यानपिढ्या जर्मन शेफर्ड होते आणि त्यामुळे नातेवाइकांत ‘कुत्र्यांतले कळणारे’ म्हणून त्यांचा दबदबा आहे. आम्ही एका लग्नासाठी कोल्हापूरला गेलो असताना ते ठकीला सांभाळायला आमच्याकडे राहिले होते. परत आलो तेव्हा त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले, “भाऊजी, तुम्ही उगाच लाड करता. जांभळी नाक्याच्या मंडईत नेली होती. आधी जरा ओढाताण केली, मग अशी शांत बसली की मी भाजी घेतली, चहा प्यायलो, तरी हूं नाही की चूं नाही.” पुरावा म्हणून मोबाईलवरचे चित्रणही दाखवले.

ते चित्रण मी नंतर अनेकदा पाहिले आहे. ठकी एका दुकानाच्या पायरीला पाठ लावून जमिनीला चिकटली होती. कान मागे सपाट झाले होते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसत होता आणि समोर कोणी टाकलेल्या बिस्किटाकडे, जे एरवी तिने कागदासकट खाल्ले असते, तिने पाहिलेही नव्हते. मध्येच नारळांची हातगाडी तिच्या शेपटीपासून बोटभर अंतरावरून गेली, तरी तिने शेपूट आवरून घेतली नाही. पळता येत नाही आणि भुंकून उपयोग नाही, हे कळल्यावर कुत्रे असे थिजते. मेहुण्यांना त्यात शहाणपणा दिसला, कारण कुत्र्याने त्रास दिला नाही म्हणजे कुत्र्याला त्रास झाला नाही, असा त्यांचा सरळ हिशेब आहे.

त्यानंतर ठकी लिफ्टमध्ये शिरायलाही तयार होईना. बळे आणली तर लिफ्टच्या फरशीवर तिच्या पंजांचे ओले ठसे उमटत. कुत्र्याला घाम पंजांच्या गाद्यांतून येतो आणि तो उन्हाने येतो तसा धास्तीनेही येतो. पूर्वी जी निदान फाटकापर्यंत आनंदाने येत असे, तिला आता जिना उतरवणे हेच एक काम होऊन बसले. मेहुण्यांचे यावर म्हणणे असे की, मीच मध्ये खंड पाडला. आणखी आठवडाभर नेली असती तर सरळ झाली असती. “आम्हांला काकांनी विहिरीत ढकलूनच पोहायला शिकवले,” हा त्यांचा हुकमी एक्का. हा किस्सा नेहमी ज्यांना पोहता आले तेच सांगतात. त्याच विहिरीत ढकललेला त्यांचा चुलतभाऊ आजही पाण्यात उतरत नाही, आणि आमच्या गावी मुलांच्या पाठीला आधी सुका भोपळा बांधत, ही गोष्ट त्यांच्या सांगण्यात कधी येत नाही.

आता आपण काय करावे ते सांगतो. मुख्य साधन म्हणजे अंतर. तिला गर्दी दिसते, ऐकू येते, पण ती हातातला तुकडा नेहमीसारखा खाते, अशी जागा शोधून तिथे थांबावे. तुकडा नाकारला, वारंवार नाक चाटू लागली किंवा झोप नसताना जांभया देऊ लागली, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. आम्हांला अशी जागा तलावपाळीवर सापडली. सकाळी लवकर, गडकरी रंगायतनच्या समोरच्या अंगाला नव्हे तर पलीकडच्या काठाला, फिरायला येणारी माणसे दुरून दिसतात आणि मधे पाणी असल्यामुळे एकदम अंगावर येत नाहीत. मी स्टीलच्या डबीत उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे नेत असे आणि ही कलेजी तिला घरी कधीच मिळत नसे. माणूस दिसला की तुकडा, माणूस गेला की डबी बंद. हा क्रम उलटा होऊ देऊ नये: तुकडा दाखवून तिला गर्दीकडे ओढत नेले, तर ती तुकड्याचाही संशय धरते.

मेहुणे याला लाच म्हणतात. लाच काम करवून घेण्यासाठी असते. इथे तिने काहीच करायचे नसते, बसायचेही नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगात आधी इशारा होई आणि मग अन्न येई, त्यामुळे कुत्र्याच्या तोंडाला इशाऱ्यानेच पाणी सुटू लागे. इथे इशाऱ्याच्या जागी अनोळखी माणूस आहे, एवढाच फरक. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर भीती वाढते, हाही असाच एक जुना समज. तिला जवळ यावेसे वाटत असेल तर खुशाल येऊ द्यावे.

मंडईत न्यायच्या आधी झोपेची गोळी द्यावी, असाही एक सल्ला मला मिळाला होता. ॲसिप्रोमाझिनसारख्या औषधाने अंग सुस्तावते, पण धास्ती आत तशीच राहू शकते, म्हणजे मंडईतल्या पायरीवरचाच प्रकार. भीतीवर खरोखर काम करणारी औषधे आहेत; त्यांतील फ्लुओक्सेटिनसारख्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि ती पशुवैद्यांनी तपासूनच द्यायची असतात. आपली कुत्री खाणेपिणे सोडण्याइतकी घाबरत असेल, तर त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

हे आधी सांगायला हवे होते: भीती अलीकडे अचानक सुरू झाली असेल, तर प्रथम कान, डोळे आणि सांधे तपासून घ्यावेत, कारण दुखण्यामुळेही कुत्री बिचकू लागतात. नुसत्या गळपट्ट्यावर तिला रस्त्यावर नेऊ नये. घाबरलेले कुत्रे मागे सरकून त्यातून मान सोडवते, म्हणून छातीचा पट्टा आणि गळपट्टा दोन्ही दोरीला जोडावेत. भित्रे कुत्रे कोंडीत सापडले तर चावू शकते, तेव्हा रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी आणि हात लावायला येणाऱ्या मुलांना स्पष्ट नाही म्हणावे. दहीहंडी आणि विसर्जनाच्या दिवशी तिला सवय लावण्याचा विचारही करू नये. खिडक्या लावून घरातच ठेवावे.

किती दिवस, याचा आकडा मी देणार नाही. ठकी आता गोखले रोड ओलांडते, तलावपाळीवर संध्याकाळच्या गर्दीतही कडेकडेने चालते. मंडईत मात्र मी तिला नेत नाही, कारण भाजी आणायला ती लागत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना हे सगळे पटेलच असे नाही, आमच्या मेहुण्यांना अजून पटलेले नाही. ते आले की त्यांचा मान राखतो, चहापाणी होते, कुत्र्यांवरचे त्यांचे ऐकूनही घेतो, आणि ठकीला फिरवायची वेळ झाली की दोरी मी घेतो.